घाटातले बंदूकवाले आणि माझे पाय

डाव्या पायातली चप्पल कॉलेजच्या जिन्यात निसटली आणि मी तशीच वर चढत राहिले. मागून एका विद्यार्थिनीनं हाक मारून सांगितलं, तेव्हा मी खाली पाहिलं. पाय माझाच होता आणि अनवाणी होता. दगडी पायरीचा गारवा मात्र त्याला लागत नव्हता.

मी हसून चप्पल घातली आणि वर्गात गेले. संध्याकाळपर्यंत दोन्ही तळव्यांना मुंग्या आल्या होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी पेस्टची ट्यूब दाबता येईना. दुपारी स्वयंपाकघरात ओट्याशी उभी असताना गुडघे कुणीतरी मागून काढून घेतल्यासारखे वाकले आणि मी फरशीवर बसले. बसले म्हणजे पडलेच. उठायला गेले तर पायांनी ऐकलंच नाही. दुखत काहीच नव्हतं, आणि त्याचीच जास्त भीती वाटली.

मी नाशिकच्या एका कॉलेजात इतिहास शिकवते. तेव्हा चाळिशीला आले होते. गोष्ट कारगिलच्या लढाईच्या आदल्या वर्षीची आहे. आता मी चालते, शिकवते, जिनाही चढते. पण त्या दिवसांत माझ्या खाटेजवळ यातून उठलेलं कुणी येऊन बसलं असतं तर फार बरं झालं असतं. तसं कुणी आलं नाही. दुसऱ्या कुणाला ती उणीव भासू नये, म्हणून हे लिहिते आहे.

पाण्याची गोष्ट

त्या सुमारास माझं पीएच.डी.चं काम चालू होतं. विषय होता अठराशे सत्तावन्नच्या बंडात उठलेले आमच्या डोंगरांतले बंदूकवाले. नाशिकच्या पश्चिमेला, पेठ-सुरगाण्याकडे, सह्याद्रीतून खाली उतरणाऱ्या घाटवाटा आहेत. त्या राखायचं काम पिढ्यान्पिढ्या कोळी आणि भिल्ल माणसांकडे होतं. हातात तोड्याची बंदूक, म्हणजे पेटती वात लावून उडवायची. मालाचे बैल घाटातून सुखरूप नेले की त्यांना राखणीचा हक्क, म्हणजे ठरलेला मोबदला, मिळायचा. कंपनी सरकारनं तो हक्क काढून घेतला. त्यांच्यातल्याच काहींना पोलिसात घेतलं, आणि देशात बंड पेटल्यावर बाकीच्यांनी बंदुका जमा कराव्यात असा हुकूम काढला. ज्यांनी त्या दिल्या नाहीत ते घाटात जाऊन बसले. ना गणवेश, ना पगार, ना कवायत, तरी आमच्या भागातले बंडाचे पहिले शिपाई हेच. साहेबांच्या कागदांत त्यांची नोंद दरोडेखोर म्हणून आहे. त्यांच्या घरांत त्यांची आठवण कशी आहे, ते मला शोधायचं होतं.

म्हणून त्या मे महिन्यात पेठच्या बाजूच्या एका पाड्यावर गेले होते. तिथल्या शाळेच्या गुरुजींनी मला धवळूबाबांच्या ओट्यावर नेऊन बसवलं. सत्तरी ओलांडलेले, काटक, फार न बोलणारे. त्यांचा पणजा त्या बंदूकवाल्यांतला. घाटात पहिला बार त्यानं काढला असं गाणं पाड्यावर आजही म्हणतात. बाबांनी गाण्यात होतं तेवढंच सांगितलं. मी खोदून विचारलं तर म्हणाले, गाण्यात सगळं आलंय.

उन्हानं जीव कासावीस झाला होता. मे महिन्यात तिथं पाणी म्हणजे झिऱ्याच्या, पाझरासाठी खणलेल्या खड्ड्याच्या, तळाशी साचलेलं वाटीभर. बाबांच्या सुनेनं त्यातलं तांब्याभर मला आणून दिलं. स्वतःच्या घरात पुरवून वापरायचं पाणी तिनं पाहुणीला दिलं होतं. मी ते पिऊन टाकलं. घरी आल्यावर जुलाब झाले, थांबले, मी विसरून गेले.

निदान

नाशिकच्या द्वारका चौकाजवळच्या एका खाजगी रुग्णालयात नसांचे डॉक्टर होते. त्यांनी रबरी हातोडीनं माझ्या गुडघ्यावर ठोकलं. पाय हलला नाही. दुसऱ्या गुडघ्यावर ठोकलं, मग घोट्यावर, कोपरावर. एखाद्या टेबलावर ठोकावं तसं चाललं होतं. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते, आणि ते माझ्याकडे बघणं टाळत होते.

मग पाठीतून पाणी काढून तपासलं. संध्याकाळी डॉक्टर खुर्ची ओढून बसले आणि आजाराचं परदेशी नाव सांगितलं. आम्हाला ते कळलं नाही हे पाहून सोप्या शब्दांत म्हणाले, शरीराची राखण करणारे शिपाईच चुकून स्वतःच्या नसांवर उलटतात. खालून सुरू होतं, वर चढत जातं. छातीपर्यंत आलं तर श्वासासाठी मशीन लागेल.

मी एवढंच विचारलं, "बरी होईन?"

"बहुतेक होतात," ते म्हणाले. "वेळ लागतो."

'बहुतेक' हा शब्द मी आयुष्यात हजारदा वापरला असेल. त्या संध्याकाळी तो पहिल्यांदा नीट ऐकला.

मग त्यांनी विचारलं, अलीकडे पोट बिघडलं होतं का? जुलाबाच्या जंतूंनंतर कधीकधी हे होतं, खात्रीनं सांगता येत नाही, पण होतं. माझे यजमान सुधाकर शेजारी उभे होते. त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. देवळाली कॅम्पात तोफखान्याच्या ऑफिसात नोकरी करणारा, शिस्तीत बोलणारा हा माणूस. त्या नजरेत जे होतं ते पुढे बरेच दिवस आमच्या दोघांच्या मध्ये होतं.

बाहेर गेल्यावर ते माझ्या आईला म्हणाले, मेलेल्या माणसांच्या मागे डोंगरात कशाला जायचं होतं? दार नीट लागलेलं नव्हतं. मला ऐकू आलं.

मशीन

दोन दिवसांत हात गेले, मग मान गेली, आणि एका सकाळी श्वास पुरेना. घशात नळी घातली, पुढे गळ्याला भोक पाडून तिथून घातली. मशीन छाती फुगवायचं आणि सोडायचं. आवाज गेला. चेहराही हलेना. उरले फक्त डोळे, तेही पापण्या अर्ध्या मिटलेले. आत मी सगळीच्या सगळी जागी होते. लोकांना वाटतं, एवढा आजारी माणूस शुद्धीत नसेल. मी सगळं ऐकत होते. द्वारकेच्या चौकातले ट्रकचे हॉर्न ऐकत होते. माझ्याच उशाशी उभं राहून, मी नसल्यासारखं माझ्याबद्दल बोलणारे पाहुणेही ऐकत होते.

एक दूरची नातेवाईक म्हणाली, मागच्या जन्मीचं असतं हे. मला उत्तर देता आलं नाही. बरी झाल्यावर द्यायचं ठरवलं होतं, पण तोवर राग गेला.

दिवस ठरलेला असायचा. पहाटे अंग पुसणं, मग कूस बदलणं, गळ्यातला कफ मशीननं ओढणं. तो ओढताना बुडतोय असंच वाटतं. मग डॉक्टरांची फेरी, व्यायाम करून घेणारी मुलगी, पुन्हा कूस. तिथल्या मंदामावशी नावाच्या आया प्रत्येक गोष्ट करण्याआधी सांगायच्या. "ताई, आता डावीकडे वळवते हं. आता पाणी गार लागेल." बाकीचे सांगत नसत. अचानक कुणीतरी आपलं शरीर उचलतं आणि ठेवतं. मावशींच्या पाळीत मी माणूस असायचे. आजाऱ्याची सेवा करणाऱ्यांना माझं एकच मागणं आहे. आधी सांगा, मग हात लावा.

आई सटाण्याहून आली होती. ती नाशिकमध्ये चारचौघांत शहरी मराठी बोलते. माझ्याजवळ बसली की घरच्या अहिराणीत बोलायची. "मी आठेच शे," एवढंच पुन्हापुन्हा. मी इथेच आहे.

बारा वर्षांच्या मुक्ताला, माझ्या मुलीला, एकदाच आत सोडलं. ती खाटेच्या पायथ्याशी उभी राहिली, माझ्याकडे पाहिलं, मग सिस्टरना विचारलं, माझी आई कुठे आहे? तिची चूक नव्हती. आरशात मला दाखवलं असतं तर मीही तेच विचारलं असतं. पण त्या आजारपणातला सगळ्यात मोठा धक्का कुठला, असं कुणी विचारलं तर मी हातोडी सांगत नाही, मशीनही सांगत नाही. हे सांगते.

डोळ्यांची खूण ठरली होती. एकदा मिटले तर हो, दोनदा मिटले तर नाही. सगळे मला विचारायचे, दुखतंय का, तहान लागली का, पंखा हवा का. आणि सगळे म्हणायचे, घाबरू नकोस.

बाबा आले

पाड्यावरच्या गुरुजींनी कॉलेजात फोन केला तेव्हा त्यांना माझी बातमी कळली, आणि त्यांच्याकडून धवळूबाबांना. बाबा एस.टी.नं नाशिकला आले. द्वारकेपर्यंत विचारत विचारत पोचले.

पुढचं मला आईनं नंतर सांगितलं. बाहेरच्या बाकावर सुधाकर बसले होते. हा म्हातारा कोण ते कळल्यावर ते उठून उभे राहिले आणि सगळ्यांसमोर म्हणाले की तुमच्या गावच्या पाण्यानं माझ्या बायकोची ही दशा केलीय, आता काय बघायला आलात? बाबा परत गेले नाहीत. बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसून राहिले. दुपारी आईनं डब्यातली भाकरी त्यांच्यापुढे ठेवली. ते नको म्हणाले. तेव्हा आई जावयाला म्हणाली की पाणी दिलं म्हणून तुम्ही ज्याच्यावर रागावलात, त्यानं ते दिलं नसतं तर तुमची बायको त्या उन्हात चक्कर येऊन पडली असती. सुधाकर बाकावर परत बसले.

संध्याकाळी भेटीच्या वेळेत आईनंच बाबांना आत आणलं. सुधाकर मागे दाराशी थांबले. बाबा मशीनकडे बघत होते, माझ्याकडे यायला बिचकत होते. मग जवळ आले, वाकले, माझ्या डोळ्यांत बराच वेळ पाहिलं.

"बाई, भ्या वाटतं का?"

मी डोळे मिटले. एकदा.

इतक्या दिवसांत हे मला कुणीच विचारलं नव्हतं. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि पुसायला हात नव्हते. आईनं पुसलं.

बाबा खुर्चीत बसले. म्हणाले, "माझ्या पणज्यालाबी वाटलं व्हतं. गाण्यात हाय तसं नाय ते. पहिला बार त्याचा नव्हता. बंदुका जमा करा म्हणून हुकूम आला, तवा पाड्यातनं पहिली बंदूक त्यानंच नेऊन दिली."

मी ऐकत राहिले. दुसरं काही करताच येत नव्हतं. बाबा सावकाश सांगत होते, थांबत होते, मशीनचा आवाज ऐकून पुन्हा सुरू करत होते. पणजा बंदूक देऊन घरी आला. बायकोनं जेवायला वाढलं, पण बोलली नाही. पाड्यातले बाकीचे बंदुका घेऊन घाटात गेले. पुढच्या दिवसांत त्यांच्यातले काही पकडले गेले आणि त्यांना झाडाला टांगलं. त्यात त्याचा लहानपणापासूनचा जोडीदार होता, दोघांनी मिळून घाटाची राखण केली होती. ते कळल्यावर पणजा अंथरुणाला खिळला. ताप नव्हता, जखम नव्हती, पण पाय उचलेना. तेव्हा एका सकाळी बायकोनं घरात उरलेली बंदुकीची दारू आणि शिशाच्या गोळ्या लुगड्याच्या ओच्यात बांधल्या आणि एक शब्द न बोलता घाटाच्या वाटेला लागली. ती टेकाडाआड जाईपर्यंत तो बघत राहिला. मग उठला.

घाटात त्याला द्यायला बंदूक नव्हती. त्यानं दुसऱ्यांच्या वाती पेटत्या ठेवल्या, दारू मोजून दिली. लढाई झाली तेव्हा शेजारचा माणूस पडला, त्याची बंदूक यानं उचलली. पहिला बार नव्हे, कितवा ते कुणाला ठाऊक.

"गाणं तो जिता असतानाच झालं," बाबा म्हणाले. "त्यानं कधी म्हटलं नाय. पोराला खरं सांगितलं, पोरानं माझ्या बापाला, बापानं मला. भाईर कुणाला नाय. तुला सांगतो, कारण तुला भ्या वाटतंय. तो भ्याला व्हता. भ्याला, आन् मंग गेला."

ते उठले, माझ्या कपाळावर हात ठेवला आणि गेले.

मी सुन्न झाले होते. माझ्या प्रबंधाचं अख्खं प्रकरण त्या पहिल्या बारावर उभं होतं. घरात त्याची टिपणं होती, पाठ झालेली वाक्यं होती. तेव्हा माझ्या लक्षात आलं की मला त्यांतलं एकही वाक्य आठवत नाहीये. आठवत होती ती घाटाकडे चालत जाणारी बाई, आणि अंथरुणातून उठणारा तो.

सुधाकर

बाबांना एस.टी. स्टँडवर सोडायला सुधाकर स्कूटरवरून गेले. वाटेत दोघे काय बोलले ते त्यांनी मला अजून सांगितलेलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ते आले, खुर्चीत बसले आणि माझा हात हातात घेतला. मला तो स्पर्श जाड कापडातून व्हावा तसा जाणवला.

"विजू, मला फार भीती वाटतेय," ते म्हणाले. "पहिल्या दिवसापासून वाटतेय. मी रागावत होतो ते त्यामुळे."

मी डोळे एकदा मिटले. त्यानंतर आमच्यातलं ते अंतर गेलं. आजार तिथेच होता, पण आता आम्ही त्याच्याकडे दोघे मिळून बघत होतो.

परत

आजार थांबला कधी ते कुणालाच कळलं नाही. एका सकाळी व्यायाम घेणारी मुलगी म्हणाली, "खांदे उडवा," आणि उजवा खांदा किंचित वर गेला. तिला वाटलं भास झाला. पुन्हा उडवायला सांगितलं. पुन्हा गेला. ती मंदामावशींना बोलवायला धावली.

मशीन हळूहळू सुटलं. ते काढून घेताना मी इतकी घाबरले की डॉक्टरांनी पहिला प्रयत्न सोडून दिला. जे यातून जात असतील त्यांना सांगते, असं होतं. त्यात लाज नाही. गळ्यावरची नळी निघाल्यावर आवाज आला तो चिरका, पुरुषी. मी फोनवरून घरी मुक्ताला हाक मारली. तिनं आधी ओळखलं नाही, मग ओळखलं आणि फोन आजीकडे देऊन पळाली. बऱ्याच वेळानं आजीनं तिला परत आणलं.

घरी आल्यावरचे महिने रुग्णालयापेक्षा अवघड गेले, हे कुणी आधी सांगत नाही. तिथं सगळेच आजारी असतात. घरी तुम्ही एकट्याच. आई मला संडासात धरून बसवायची, या वयात. मी तिच्यावर ओरडायचे, ती ऐकून घ्यायची. एकदाच म्हणाली, "बोल, आता आवाज शे ना."

पुढच्या उन्हाळ्यात कारगिल सुरू झालं. सुधाकर कॅम्पातून उशिरा यायचे. मी दोन्ही हातांत काठ्या घेऊन अंगणात फेऱ्या मारायचे. रेल्वेतून तोफा जात आहेत, सोबत आमच्या ओळखीची पोरं जात आहेत, असं शेजारी सांगायचे. मला तेव्हा एकच प्रश्न पडायचा, त्या पोरांना कुणी विचारलं असेल का, भीती वाटते का म्हणून.

पाड्यावर

त्या हिवाळ्यात आम्ही दोघे जीप करून पाड्यावर गेलो. मला धवळूबाबांची परवानगी हवी होती. त्यांनी जे सांगितलं ते मला लिहायचं होतं, पण ते त्यांच्या घराचं होतं. ते नको म्हणाले असते तर मी ते प्रकरणच गाळणार होते.

बाबा ओट्यावरच होते. माझी काठी बघितली, पाय बघितले, समाधानानं मान हलवली. मी विचारलं. त्यांनी समोरच्या डोंगराकडे पाहिलं.

"लिव्ह," ते म्हणाले. "गाणं गाणारे गातील. तू खरं लिव्ह. पण त्या बाईचंबी नाव लिव्ह. दारू घिऊन निघाली तिचं."

मी पेन काढलं. "काय नाव होतं त्यांचं?"

बाबांनी तोंड उघडलं, आणि तसंच राहिलं. कपाळावर हात ठेवला. आत हाक मारून सुनेला विचारलं, तिला माहीत नव्हतं. पलीकडच्या घरातून त्यांची थोरली बहीण आली, पाठीत वाकलेली. तिनं आठवून पाहिलं. सासरची, माहेरची, सात-आठ नावं घेतली आणि प्रत्येक नावाला स्वतःच नाही म्हणाली. पणज्याचं नाव सगळ्या पाड्याला पाठ होतं. तिचं नाव कुणी सांभाळलंच नव्हतं.

बाबांचा चेहरा मी त्या दिवसापर्यंत असा पाहिला नव्हता. रुग्णालयात मशीन बघूनही ते इतके हादरले नव्हते.

"इतकी वर्सं झाली," ते म्हणाले. "म्याबी कधी इचारलं नाय."

मी पेनाला टोपण लावलं. बहीण आपल्या घराकडे परत निघाली, पुन्हा थांबली, पुन्हा आठवू लागली.

शेवटी बाबा म्हणाले, "मंग तसंच लिव्ह. नाव आमाला ठावं नाय. पण आमच्या घरातनं पहिली ती निघाली."

प्रबंधात ते प्रकरण त्याच वाक्यानं सुरू होतं.